न धुतलेली जर्सी

28 सप्टेंबर 1972. मॉस्कोमध्ये कॅनडा आणि सोव्हिएत रशिया यांच्यातला आइस हॉकीचा आठवा, शेवटचा सामना. संपायला चौतीस सेकंद उरलेले असताना पॉल हेंडरसन या खेळाडूनं गोल केला. कॅनडा 6-5 असा जिंकला आणि मालिकाही त्यांनी घेतली. हेंडरसननं त्या मालिकेतली आपली एकोणीस नंबरची जर्सी संघाच्या जो सग्रो या साहाय्यकाला देऊन टाकली. 2010 मध्ये तीच जर्सी लिलावात बारा लाख डॉलर्सच्या वर विकली गेली.

आता आपण बायका काय म्हणू? "एवढे पैसे, आणि तेही घामट सदऱ्याला!" बरं, ती धुतलेली असती तर तिची किंमत वाढली नसती, उलट घटलीच असती. हे ऐकून तर आपल्यापैकी कुणीही हसेल. आपला सगळा जन्म कॉलर घासण्यात गेला, आणि तिकडे कॉलरवरच्या डागाला भाव!

पण हसून झाल्यावर थोडं थांबायला हवं असं मला वाटतं. राष्ट्रीय संघाच्या खेळाडूनं प्रत्यक्ष सामन्यात घातलेली जर्सी जमवणं हा जगभर पसरलेला छंद आहे आणि आता तो आपल्याकडेही आला आहे. त्याच्यावर पैशाची उधळपट्टी म्हणून शिक्का मारणं सोपं, देशप्रेम म्हणून आरती ओवाळणंही सोपं. मला तो नीट पारखून बघायचा आहे, आणि पारखायला आपल्या घरातली मापं पुरेशी आहेत. सत्य, अचौर्य, अपरिग्रह ही अणुव्रतं आपण पाठ म्हणतो. ती कपाटातल्या एका सदऱ्याला लावून बघू.

आधी हा छंद काय आहे ते समजून घेऊ. जर्सी तीन प्रकारची असते. दुकानात कुणालाही मिळते ती प्रतिकृती. संघानं खेळाडूसाठी तयार केली पण त्यानं मैदानावर घातलीच नाही ती दुसरी. आणि अंगात घालून तो खेळला ती तिसरी. लांबून तिन्ही सारख्याच दिसतात. खरा संग्राहक तिसरीच शोधतो. मग तो कापड वाचायला बसतो. आइस हॉकीच्या जर्सीवर रबरी पकचा काळा ठसा उमटलेला असतो, कडेच्या फळ्यांवर आपटून त्यांचा रंग घासला गेलेला असतो, बाही फाटून घाईघाईनं शिवलेली असते. मागच्या बाजूला आतून एक पट्टा असतो, मारामारीत जर्सी डोक्यावरून ओढली जाऊ नये म्हणून तो पँटला अडकवायचा. हे सगळं तो बघतो. शेवटी सामन्याच्या दिवशी काढलेले फोटो समोर ठेवून टाका टाक्याशी, पट्टी पट्टीशी जुळवतो.

कापड वाचणं आपल्याला नवीन नाही. साडीच्या निऱ्यांवरून ती किती वेळा नेसली हे आपल्याला कळतं, आणि शाळेचा शर्ट बघून पोरगं कुठे पडलं ते पोरगं सांगायच्या आधी समजतं. शिवाय आमच्या सिल्वासाला तर या कापडाशी दूरचं नातं सांगायची गरजच नाही. मसाट, आमली, रखोली, खडोली या भागांतल्या कारखान्यांत पॉलिएस्टरचं सूत तयार होतं. डोकमर्डीतल्या कितीतरी घरांचा पगार त्या सुतावर येतो. आजच्या जर्सी पॉलिएस्टरच्याच असतात. पूर्वी आइस हॉकीत लोकरीचे स्वेटर घालत, म्हणून कॅनडात जुनी माणसं जर्सीला अजून स्वेटर म्हणतात. लोकरीला कसर लागते, पॉलिएस्टरला लागत नाही. म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर तयार होणारं सूत आपल्या पणतवंडांपर्यंत टिकणार आहे. मग ते कुणाच्या कपाटात टिकणार, हा प्रश्न आपला नाही असं कसं म्हणायचं?

आपल्याकडे आइस हॉकीचे संग्राहक नसतील, पण क्रिकेटचे आहेत. पुण्यात सहकारनगरला 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेटचं संग्रहालय आहे. स्वतः महाराष्ट्राकडून वयोगटाचं क्रिकेट खेळलेल्या रोहन पाटे यांनी ते उभं केलं आणि 2012 मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बॅटी, जर्सी, ग्लोव्हज असं पुष्कळ सामान तिथं आहे, काही सामन्यात वापरलेलं, काही सही केलेलं. एका माणसाच्या छंदातून हे झालं आणि ते लोकांसाठी उघडं आहे, याचं मला कौतुक आहे.

पण इथंच मला एक भेद करावासा वाटतो. सही आणि डाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही खेळाडू नंतर करतो, निवांतपणे, कोऱ्या बॅटवरसुद्धा करतो. ती त्याची मेहेरबानी असते. डाग त्याच्या इच्छेनं पडत नाही. तो पडला तेव्हा खेळाडूचं लक्ष चेंडूवर होतं, आपल्या संग्रहावर नव्हतं. म्हणून माझ्या लेखी डाग मोठा. आपल्याकडे मात्र सहीचं वेड जास्त, डाग वाचायची सवय कमी. सह्यांनी भरलेली बॅट दिवाणखान्यात शोभते, मळकी जर्सी शोभत नाही. संग्रह दिवाणखान्यासाठी करायचा की स्मृतीसाठी, हे आधी ठरवावं लागतं.

आता पहिलं माप, सत्याचं. या मापात हा छंद चांगला उतरतो. 22 जून 1986 रोजी मेक्सिकोत मॅराडोनानं इंग्लंडला दोन गोल मारले, त्यातला एक हातानं. सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजनं त्याच्याशी जर्सी बदलली. 2022 च्या मे महिन्यात ती लंडनमध्ये सत्तर लाख पौंडांच्या वर विकली गेली. विक्रीच्या आधी मॅराडोनाच्या कुटुंबाकडून सांगण्यात आलं की ही जर्सी पहिल्या अर्ध्या खेळातली आहे, गोल तर दुसऱ्या अर्ध्यात झाले. लिलाव करणाऱ्यांनी फोटोंशी जुळवणी करून हीच ती असं ठामपणे मांडलं. नुसत्या 'असेल, असेल' वर कुणी थांबलं नाही. आपल्याकडे 'ही आमच्या पणजोबांची पगडी' म्हटलं की कुणी पुरावा मागत नाही आणि मागितला तर अपमान समजतात. त्या मानानं हे संग्राहक सत्याला जास्त मानतात.

पण याच सत्याची दुसरी बाजू आहे. अमेरिकेतल्या बेब रूथ या बेसबॉलपटूची 1932 ची एक जर्सी 2005 मध्ये दहा लाख डॉलर्सपेक्षा कमी किमतीला गेली होती. पुढे फोटो जुळवून असं दाखवण्यात आलं की एका गाजलेल्या फटक्याच्या वेळी हीच त्याच्या अंगात होती. 2024 मध्ये ती दोन कोटी चाळीस लाख डॉलर्सवर गेली. कापड तेच, डाग तेच, वाढला तो फक्त पुरावा. सत्य शोधण्यात एवढा नफा असेल तर ते हवं तसं सापडण्याचा मोहही तेवढाच मोठा असणार. म्हणून मला वाटतं, ज्यानं विकायचं ठरवलंय त्यानं स्वतःच्या वस्तूची साक्ष स्वतः काढू नये. साक्षीदार त्रयस्थ हवा.

दुसरं माप अचौर्याचं. वस्तू आली कशी? हेंडरसननं आपल्या हातानं दिली. हॉजनं अदलाबदल केली, आपली देऊन घेतली. इथंवर ठीक. पण घेतल्यावर सांभाळायची जबाबदारी कुणाची? या बाबतीत आपल्या देशातली एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी.

बलबीर सिंग सीनियर हे हॉकीतलं फार मोठं नाव. आइस हॉकी नव्हे, आपली मैदानावरची. 1948, 1952 आणि 1956 अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात सहापैकी पाच गोल एकट्यांचे. मेलबर्नला ते कर्णधार होते. 1985 मध्ये त्यांनी मेलबर्नचा आपला कर्णधाराचा ब्लेझर, छत्तीस पदकं आणि शंभरावर दुर्मिळ छायाचित्रं भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे दिली, एक संग्रहालय होणार आहे म्हणून. संग्रहालय झालं नाही. 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकच्या निमित्तानं एका प्रदर्शनासाठी त्या वस्तू हव्या होत्या, तेव्हा कळलं की त्या सापडतच नाहीत. पुढची आठ वर्षं त्या म्हाताऱ्या माणसानं आणि त्यांच्या घरच्यांनी वाट बघितली. 25 मे 2020 ला ते गेले.

ही गोष्ट मला आपल्या सोप्या मतांच्या आड येणारी वाटते. आपण पटकन म्हणतो, खासगी संग्रह म्हणजे हाव आणि सार्वजनिक म्हणजे त्याग. बलबीर सिंगांनी त्यागच केला होता. अपरिग्रहाचा याहून स्वच्छ नमुना कुठला? पण ज्यांनी घेतलं त्यांना त्या वस्तूंबद्दल काहीच वाटत नव्हतं, आणि काहीच न वाटणं म्हणजे अनासक्ती नव्हे. तो नुसता निष्काळजीपणा. एखाद्या वेड्या संग्राहकानं तो ब्लेझर रात्री उठून तपासला असता, पावसाळ्यात घडी बदलली असती. वेडं असणं परवडलं, पण बेफिकीर असणं नाही.

आपल्या समाजालाही हे शिकायला वेळ लागला आहे. मूडबिद्रीला धवला टीकेच्या ताडपत्री पोथ्या शतकानुशतकं होत्या. त्यांचं दर्शन होत होतं, पूजा होत होती, पण वाचन होत नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद यांच्यासारख्यांनी खटपट केली, तेव्हा नकला व्हायला लागल्या. 1939 मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड छापून काढला. ज्यांनी जपलं त्यांचे उपकार आहेतच. पण उघडलं नसतं तर त्या जपण्याचा उपयोग काय झाला असता? संग्रहाच्या चांगुलपणाला म्हणूनच दोन्ही लागतं, जपणारे हात आणि उघडं दार.

तिसरं माप अपरिग्रहाचं, आणि ते सगळ्यात अवघड. आपल्या शास्त्रात बाह्य परिग्रहाची जी यादी आहे तीत शेत, घर, सोनं, धान्य यांच्याबरोबर कुप्य म्हणजे वस्त्रही आहे. म्हणजे कापडाची गणना करायची असते, मर्यादा ठेवायची असते. पण तत्त्वार्थसूत्रानं परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूकडे बोट दाखवलेलं नाही, मूर्च्छेकडे दाखवलं आहे. वस्तूपायी भान हरपणं, 'माझं, माझं' होणं, तो परिग्रह. त्या हिशेबानं शंभर जर्सी ठेवून त्यांची दारं उघडी ठेवणारा कमी परिग्रही, आणि एकच जर्सी बँकेच्या लॉकरमध्ये भाव वाढायची वाट बघत ठेवणारा जास्त परिग्रही ठरू शकतो.

हेंडरसनची जर्सी टोरांटोच्या मिचेल गोल्डहार या व्यावसायिकानं घेतली आणि मग ती गावोगाव फिरवून लोकांना दाखवली. मॅराडोनाची जर्सी हॉजनं कितीतरी वर्षं इंग्लंडच्या फुटबॉल संग्रहालयाला बघायला ठेवायला दिली होती. मी या दोघांना चांगले गुण देईन. पण हल्ली पुष्कळ वस्तू शेअरसारख्या घेतल्या जातात. घेणाऱ्यानं ती हातात धरलेलीही नसते. तिथं मात्र माझं कौतुक संपतं. ज्याला डाग वाचायचाच नाही त्यानं तो विकत कशाला घ्यावा?

आता आपल्यातलंच एक उदाहरण देते, कारण दुसऱ्याच्या छंदावर बोलताना आपलं अंगण विसरू नये. दिगंबर मुनींकडे पिच्छी आणि कमंडलू याशिवाय काय असतं? चातुर्मासानंतर पिच्छी परिवर्तन होतं. वर्षभर वापरलेली, पिसं झिजलेली जुनी पिच्छी कुणाला तरी दिली जाते. जगातली याहून 'वापरलेली' वस्तू कुठली? आणि ती कुणाला मिळते? जो संयमाचा काही नियम घेतो त्याला. म्हणजे वापरलेल्या वस्तूची किंमत आपल्या परंपरेनं कधीच ठरवून ठेवली आहे. ज्यानं ती वापरली त्याच्यासारखं थोडं तरी जगायची तयारी, ही ती किंमत. पैशात ती सांगता येत नाही.

आणि त्याच मंडपात अभिषेकाच्या, आरतीच्या बोल्या लागतात, आकडे माइकवरून पुकारले जातात. तो पैसा मंदिराच्या कामी येतो, हे मला मान्य आहे. पण बोली वाढवताना आवाज चढतो तो भक्तीमुळे की शेजारच्या रांगेतल्या माणसामुळे, हे ज्याचं त्यानं मनाशी तपासावं. लिलावात जर्सी घेणाऱ्या अमेरिकन माणसाला हसायचा हक्क आपल्याला त्यानंतर मिळेल.

या छंदावरचा माझा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. हा संग्रह पुरुषांचा आहे, आणि तोही जिंकलेल्या पुरुषांचा. आपल्या मुलींनी काय घातलं, ते कुणी ठेवलं?

महिलांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा 1973 मध्ये आपल्या पुण्यातच झाली. तीनच संघ होते, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या मुलींचे कपडे कुणी शिवले, कुणी धुतले? क्रिकेट मंडळाच्या प्रशासक समितीचे प्रमुख राहिलेले विनोद राय यांनी 2022 मध्ये मुलाखतीत सांगितलं की महिला संघाचे कपडे पुरुषांचे कपडे कापून, पुन्हा शिवून तयार केले जात होते. हे वाचल्यावर मला वाटलं, अशी एक जर्सी काचेच्या पेटीत हवी, आतली बाजू बाहेर करून. उसवलेली शिवण, आत घेतलेला खांदा, सगळं दिसू दे. त्या टाक्यांइतका बोलका पुरावा कुठल्याही सहीत नाही. कमरेत आवळलेला, थोरल्या भावाचा उतरलेला शर्ट ज्यांनी घातला आहे अशा आपल्या पिढीला तो समजावून सांगायला मार्गदर्शक लागणार नाही.

लडाखच्या मुलींचंही तसंच. गोठलेल्या तळ्यांवर आइस हॉकी शिकलेल्या मुली 2016 मध्ये भारताच्या नावानं पहिल्यांदा तैपेईला खेळल्या आणि हरल्या. 2017 मध्ये बँकॉकला फिलिपिन्सवर पहिला विजय. 2025 मध्ये महिलांच्या आशिया चषकात कांस्यपदक. यातली कुठली जर्सी जपावी? बाजार म्हणेल, पदकाची. मी म्हणेन, 2016 ची. पडून पडून, घासून झिजलेली ती. जिंकल्याची आठवण पदक ठेवतंच. हरत असताना अंगात काय होतं ते कापडच सांगणार.

30 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा केल्या, तेव्हा तिची जर्सी मातीनं माखलेली सगळ्या देशानं बघितली. लोकांना लगेच 2011 च्या अंतिम सामन्यातली गौतम गंभीरची मळलेली जर्सी आठवली. तीन दिवसांनी, 2 नोव्हेंबरला, आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना त्या संघात होती. एका मुलीच्या कपड्यावरच्या मातीकडे बघून कुणी "काय हा अवतार!" म्हटलं नाही, उलट मान डोलावली. आपल्या आईच्या काळात हे घडलं नसतं. त्या मातीची किंमत मी लिलावातल्या आकड्यात मोजणार नाही.

तेव्हा माझं मत असं. हा छंद वाईट नाही. त्यातली खरं शोधायची चिकाटी घेण्यासारखी आहे, भावाची चढाओढ सोडण्यासारखी. संग्रह करावा, पण मोजका. उघडा ठेवावा. आणि हरलेल्यांना, मुलींना त्यात जागा द्यावी.

मैत्रिणींनो, यासाठी संग्रहालयाची वाट बघायची गरज नाही. हल्ली आपल्या घरांतल्या मुली कबड्डी खेळतात, फुटबॉल खेळतात, जिल्ह्याच्या संघातून बाहेरगावी जातात. परतल्या की ती जर्सी एक तर ब्लीचमध्ये बुडते, नाही तर दोन वर्षांनी फरशी पुसायला निघते. बाकीच्या द्या, गरजूला द्या, सांभाळायला जागा आहे कुठे? पण एक ठेवा. पॉलिएस्टरला ऊन सोसत नाही, रंग उडतो, म्हणून जुन्या सुती मलमलमध्ये गुंडाळा, जरीची साडी ठेवतो तशी, आणि वर्षाकाठी घडी बदला. आणि तिच्यात एक चिठ्ठी घाला. कुणी घातली, कुठल्या दिवशी, कुणाशी सामना होता, जिंकली की हरली, आणि उजव्या कोपरावरचा तो डाग कशाचा. चिठ्ठी त्या मुलीच्याच हातून लिहून घ्या. आपल्याला जे आठवतं ते तिच्या आठवणीपेक्षा वेगळं असतं.